पहिलटकरीण कुणाच्या यादीत?

पुणे जिल्ह्यातल्या एका बाळंतपणाचं प्रकरण, आणि त्यामागे उभा असलेला सरकारी सेवांचा दीडशे वर्षांचा पसारा

आशा (वस्तीतच राहून घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या), आरोग्यसेविका म्हणजे सिस्टर, आणि नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी एकाच खोलीत बसतात अशा प्रशिक्षणवर्गासाठी हे प्रकरण रचलं आहे. यातली मुलगी म्हणजे खरी कुणी एक व्यक्ती नाही. तिच्या वाटेत आलेले अडथळे मात्र पुणे जिल्ह्यात या कामात असलेल्या कुणालाही ओळखीचे वाटतील. बाई वाचली, बाळही वाचलं. मग प्रकरण कशाला, असा प्रश्न वर्गात पहिल्या पाच मिनिटांत येतोच. मातामृत्यूच्या चौकशीत प्रत्येक जण आपली बाजू सांभाळून बोलतो, कागद आधी नीट लावून ठेवतो. थोडक्यात बचावलेल्या बाळंतिणीबद्दल लोक मोकळं बोलतात, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः बोलू शकते. अशा बचावलेल्या बायकांचा आढावा घेण्याच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१४ सालच्या आहेत.

प्रसंग

मुलगी २० वर्षांची, पहिलटकरीण. माहेर पानशेतच्या पलीकडची एक वाडी, तालुका वेल्हे, म्हणजे आताचा राजगड. सासर भोर तालुक्यात. नवरा पुण्यात वर्कशॉपला कामाला, म्हणून दोघं सिंहगड रस्त्याच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतात. ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यांतलंच हे एक. आधार कार्डावरचा पत्ता अजून भोरचा. राहणं एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे आणि कागद तिसरीकडे, हे तीन पत्ते लक्षात ठेवले की पुढचं सगळं समजतं.

नोंदणी झाली चौदाव्या आठवड्यात. बाराव्याच्या आत व्हायला हवी होती. पण तिसरा महिना लागेपर्यंत दिवस गेल्याचं बोलायचं नाही ही घरची रीत. बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ९.४. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, माता-बाल संरक्षण कार्ड, आणि माता-बालकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरचा आरसीएच नंबर. चोविसाव्या आठवड्यात बीपी १२४/८०. तिसाव्या आठवड्यात १३६/८८ आणि पायांवर सूज. १४०/९० च्या खाली म्हणजे कागदावर सगळं ठीक. तरी तिथल्या सिस्टरच्या लक्षात आलं की आकडा तीन भेटींत चढत चालला आहे. तिने कार्डावर लिहिलं, आठ दिवसांनी परत या. याहून शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी करता आली नसती.

रविवारी खोलीवरच ओटी भरली. सोमवारी भाऊ येऊन माहेरी घेऊन गेला. सोनोग्राफीची फाइल पिशवीत गेली. कार्ड मात्र नवऱ्याकडे राहिलं, कारण मातृवंदना योजनेच्या अर्जाला त्याची झेरॉक्स लावायची होती. पाच हजार रुपयांचा प्रश्न होता, त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

वाडीतली आशा तिसऱ्या दिवशी घरी आली. माहेरवाशीण आल्याची बातमी वाडीत लपत नाही.

"कार्ड दाखव बरं."

"पुण्यालाच राहिलं, ताई. ह्यांच्याकडं हाय."

"शेवटच्या टायमाला काय म्हणाल्या सिस्टर?"

"पाय सुजल्यात म्हणाल्या. आठ दिवसांनी या म्हणाल्या."

आशाने डायरीत लिहून घेतलं आणि उपकेंद्राच्या सिस्टरला फोन केला. त्या वाडीचं अंगणवाडीतलं महिन्याचं तपासणी सत्र चारच दिवसांपूर्वी होऊन गेलेलं. पुढचं पुढच्या महिन्यात. उपकेंद्र सात किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, आणि आशाकडे बीपीचं मशीन नाही. "त्रास झाला तर कळव, नाहीतर पुढच्या सत्राला बघू," असं ठरलं. मुलीला त्रास असा काही वाटत नव्हता. वाढत्या बीपीचा त्रास वाटत नाही, हाच त्याचा धोका. तो आधी मशीनला कळतो, बाईला नंतर.

पस्तिसावा आठवडा लागला तेव्हा दोन रात्री डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आजीने सुंठ उगाळून कपाळाला लावली. योगायोगाने सत्र दुसऱ्याच दिवशी होतं. बीपी १६०/११०, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) तीन प्लस, चेहरा सुजलेला. सिस्टरने तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला. केंद्रात डॉक्टरांनी बीपीची गोळी आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला, आणि ॲम्ब्युलन्स मागवून पुण्याला रेफर केलं.

इथे दीड तास गेला. आई गप्प, भाऊ गोंधळलेला, आणि आजी ठाम. "आठवा सरल्याबिगर पोरीला वाटेला लावायची नाही. सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही." डॉक्टरांनी समजावून पाहिलं, मग आवाज चढवला. त्याने काहीच झालं नाही. शेवटी आशाने आजीला बाजूला घेऊन विचारलं की खरी भीती कसली आहे. आजी म्हणाली, "पुण्याला नेऊन ऑपरेशन करतील. न्हाईतर तांबी बसवून पाठवतील, आमाला न विचारता." (तांबी म्हणजे कॉपर-टी.)

"आजी, मी सोबत येते. तिला विचारल्याशिवाय कुणी काय बसवणार नाही, मी उभी राहते तिथं."

ॲम्ब्युलन्स निघाली. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बीपी आटोक्यात आणून त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी झाली, १९०० ग्रॅमची. काही दिवस नवजात कक्षात, मग आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने. अकराव्या दिवशी सुट्टी.

इतर वर्गांत प्रकरण इथे संपवतात. आपल्याला पुढचे दोन आठवडेही बघायचे आहेत. सुट्टीच्या कागदावर आधारचा पत्ता आला, म्हणून घरभेटींचा निरोप गेला भोरच्या आशाकडे. ती बिचारी गेली, सासूबाई भेटल्या, "सून माहेरी आहे" एवढं ऐकून परत आली आणि वहीत तसं लिहिलं. पुण्याच्या यादीत ही बाई अजून गरोदरच होती आणि तिच्या नावापुढे "संपर्क नाही". बाळंतीण होती वेल्ह्यात, जिथल्या यादीत तिचं नाव मुळात कधी चढलंच नव्हतं. बीपीची गोळी संपली ती चौदाव्या दिवशी. वाडीतली आशा आपणहून घरी गेली होती म्हणून ते कळलं आणि केंद्रातून नवी पट्टी आली. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही झटके येऊ शकतात हे आईला माहीत नव्हतं, घरातल्या कुणालाच नव्हतं.

शहराची वाट आणि गावाची वाट

पहिलं बाळंतपण माहेरी, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नवी नाही. सातव्यात जायचं, सव्वा महिना ओलं बाळंतपण, तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत. एवढं आधीपासून माहीत असलेलं स्थलांतर सरकारी आराखड्यात कुठेच कसं नाही? याचं उत्तर शोधायला पुण्याचाच इतिहास उघडावा लागतो, कारण शहरातली आणि गावातली माता-बाल सेवा या एका मुळातून आलेल्याच नाहीत.

शहरातली सेवा आली दानातून आणि सुधारकांच्या धडपडीतून. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, जिथे फसवल्या गेलेल्या विधवा गुपचूप आणि सुखरूप बाळंत होऊ शकत. सरकारचा त्यात पैसा नव्हता. ससून रुग्णालय १८६७ साली उभं राहिलं ते डेव्हिड ससून यांच्या देणगीवर. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला तेव्हा पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली: पुरुषापुढे दुखणं उघड करण्यापेक्षा बायका मरण पत्करतात. ही साक्ष विलायतेपर्यंत पोचली. १८८५ चा डफरिन फंड निघण्यामागे तिचाही हात मानला जातो. तो फंडसुद्धा सरकारी खातं नव्हतं; व्हाइसरॉयच्या पत्नीने जमवलेली वर्गणी होती. पुढे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने, जे पुण्यात १९०९ साली सुरू झालं, ससूनमध्ये परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणाला हातभार लावला. १९१२ साली केईएम आलं. नगरपालिकेचे दवाखाने आणि प्रसूतिगृहं आली ती या सगळ्याच्या मागून, आणि १९५० साली महापालिका झाल्यावर वाढली. थोडक्यात, शहराने इमारती बांधल्या आणि बाईने तिथे चालत यावं अशी अपेक्षा ठेवली. ती नाही आली तर तिला शोधत कोण जाणार, हा प्रश्न शहराला फार काळ पडलाच नाही.

गावात त्या काळात सरकारी आरोग्यसेवा म्हणजे देवी टोचणारा, आणि जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा पाटील. बाळंतपण सुईणीचं. सरकारला जन्म दिसायचा तो आकडा म्हणून.

हे बदलायचं ठरलं ते भोर समितीमुळे. (भोर तालुक्याशी संबंध नाही, सर जोसेफ भोर. वर्गात हा विनोद दरवेळी होतो.) १९४३ साली नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ चा. त्यात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मातामृत्यू, म्हणजे वर्षाला जवळपास दोन लाख बायका, असा अंदाज आहे. साठ हजार लोकांमागे एक प्रशिक्षित सुईण, अशी तेव्हाची स्थिती. समितीने सुचवलं की ४०,००० वस्तीला एक प्राथमिक केंद्र असावं आणि त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, शिवाय चार प्रशिक्षित दाया असाव्यात. आज एखाद्या केंद्राचा पट समोर ठेवून ही यादी वाचली की वर्गात शांतता पसरते.

१९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक केंद्रं सुरू झाली, पण एका गटाला एक या हिशोबाने, म्हणजे भोर समितीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठ्या वस्तीला. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली. पुढे निकष घट्ट झाले: सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० किंवा २०,००० ला एक प्राथमिक केंद्र. हा हिशोब सगळा वस्तीचा. नकाशावर गाव, गावाला लोकसंख्या, लोकसंख्येला सिस्टर. त्याचं मोठेपण कमी लेखू नये. वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यातल्या वाडीत आज महिन्याला एकदा का होईना बीपीचं मशीन पोचतं ते या निकषामुळेच, आणि शहरातल्या पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीला अशी हक्काची सिस्टर मिळायला मात्र २०१३ चं राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान यावं लागलं. गावांसाठीचं अभियान त्याआधी आठ वर्षं, २००५ साली आलं होतं.

पण वस्तीवर बेतलेल्या हिशोबात बाई हलली की ती हिशोबाबाहेर जाते. त्यातून एका बाजूला नगरविकास, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषद. आपल्या पहिलटकरणीचं गाव तर २०२१ साली या बाजूचं त्या बाजूला गेलेलं. हद्द सरकते त्या दिवशी गरोदर बाईची तारीख सरकत नाही.

दोन्ही वाटा एकत्र बांधण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यातच झाला. केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ साली शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शहरातल्या धर्मादाय रुग्णालयाने सरकारी यंत्रणेला सोबत घेऊन गावाची जबाबदारी घेतली, गावातल्याच लोकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढूवरून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिथे शहर गावाकडे गेलं आणि थांबलं. आपल्या प्रकरणातली बाई शहर आणि गाव यांच्या मधे ये-जा करते. तो पेच वेगळा.

आजीची भीती कुठून आली

तरुण डॉक्टरांच्या तोंडी या प्रसंगाला एकच शब्द येतो, अंधश्रद्धा. आठव्या महिन्याबद्दलचा समज चुकीचा आहे, वाद नाही; पस्तीस आठवड्यांचं बाळ तेहतीसच्या बाळापेक्षा सुरक्षितच असतं. पण आजीचा दुसरा मुद्दा अंधश्रद्धेचा नाही. तो आठवणीचा आहे, आणि ती आठवण सरकारनेच दिलेली आहे.

सुरुवातीला, १९५० च्या आसपास, एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका. दोन वर्षांचं शिक्षण आणि मुख्य काम बाळंतपण. १९७३ साली कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या कार्यक्रमांचे वेगवेगळे कर्मचारी काढून बहुउद्देशीय कार्यकर्ता आणला, आणि सिस्टरच्या अंगावर लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, नोंदी असं सगळं पडलं. पुढे तिचं शिक्षण दीड वर्षावर आणलं. काम वाढलं, शिक्षण घटलं, आणि बाळंतपणाचा हात हळूहळू गेला. वरून येणारा प्रश्न एकच असायचा: किती केसेस दिल्या? केस म्हणजे नसबंदीची केस.

आणीबाणीत याचं टोक गाठलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६० लाखांवर पुरुष होते. महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढंच. आपली आजी तेव्हा पंचविशीची असेल. तिच्या दिराला तालुक्याला नेऊन ऑपरेशन करून परत पाठवलं होतं, हे घरात आजही बोललं जातं. १९७७ साली खात्याचं नाव कुटुंबनियोजनाचं कुटुंबकल्याण झालं, आणि पुरुषांना हात लावायचं धाडस संपल्यावर सगळा भार बायकांवर गेला. टाक्याचं ऑपरेशन, मग दुर्बिणीचं ऑपरेशन, शाळेच्या वर्गात भरलेली शिबिरं. १९९६ साली केंद्राने उद्दिष्टं मागे घेतली. वीस वर्षं मागे लागलेली सवय एका परिपत्रकाने जात नाही, हे सिस्टर लोक स्वतःच सांगतात.

म्हणून आजीला पुण्याच्या सरकारी दवाखान्याची भीती वाटते तेव्हा तिला गप्प करून भागत नाही. बाळंतपणानंतर तांबी बसवण्याची सोय आज आहे, ती चांगली आहे, आणि बाईच्या होकाराशिवाय ती बसवता येत नाही. हे वाक्य आजीला कुणी शांतपणे ऐकवलं होतं का? आशाने ऐकवलं, आणि "मी उभी राहते" हे जोडलं. डॉक्टरांच्या दीड तासाने जे झालं नाही ते या दोन वाक्यांनी झालं. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत कौशल्याचा क्षण आहे. कुठल्याही नोंदवहीत त्याला रकाना नाही.

आजीबद्दल आणखी एक गोष्ट. ती स्वतः वाडीची सुईण होती. सरकारी दाई प्रशिक्षणात मिळालेली ॲल्युमिनियमची पेटी तिच्याकडे अजून आहे. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काही लावायचं नाही, हे तिला पाठ आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारने गावोगावच्या दायांना हे शिकवलं. मग धोरण फिरलं, बाळंतपण दवाखान्यातच असं ठरलं, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर दाई अधिकृत चित्रातून पूर्ण बाहेर गेली. निर्णय योग्य होता. सुईणीच्या पेटीत बीपीवर इलाज नव्हता आणि रक्तही नव्हतं. पण काल ज्या बाईला बिल्ला दिला तिला आज कुणी साधं विचारतही नाही, याचा राग तिच्या नकारात मिसळलेला असू शकतो. तिला धोक्याची पाच लक्षणं शिकवली असती तर काजवे चमकल्याचं ऐकून तिने सुंठ उगाळण्याआधी आशाला हाक मारली असती.

आकड्यांपासून नावांपर्यंत

महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३. दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६५ टक्क्यांच्या आसपास होती, २०१९-२१ च्या पाहणीत ९५ च्या जवळ. हे यश खरं आहे आणि ते मुख्यतः सिस्टर, आशा, १०२-१०८ च्या गाड्या आणि २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत झालेलं बाळंतपण यांचं आहे. पण जवळपास सगळ्या बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या की उरलेला धोका बाळंतपणाच्या दिवसात कमी आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या आठवड्यांत जास्त राहतो. म्हणजे नेमका ती माहेरच्या वाटेवर असते तेव्हा.

सरकारने यावर काही केलं नाही असंही नाही. २००९ च्या अखेरीस माता आणि बालकांचा नावानिशी माग ठेवणारी संगणकीय पद्धत आली. तोवर सिस्टर आकडे पाठवत होती, आता नावं पाठवू लागली. पाटलाच्या नोंदवहीपासून इथवर यायला किती पिढ्या गेल्या हे पाहता ही उडी लहान नाही. आज वेल्ह्याच्या सिस्टरने आरसीएच नंबर टाकला असता तर पुण्यातले तिन्ही बीपी तिला दिसू शकले असते. नंबर कार्डावर होता, कार्ड अर्जासोबत होतं. नंबर फोनवर विचारून घेता आला असता. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पोर्टल हे माहिती भरायचं काम आहे, माहिती बघायची जागा नाही, असाच सगळ्यांचा अनुभव. तिसाव्या आठवड्यातलं "आठ दिवसांनी या" तिथे भरलेलं असतं का, हाही प्रश्नच. पोर्टल आकडा घेतं, सिस्टरची शंका घेत नाही.

आशाच्या मोबदल्याची गोष्ट वर्गात सगळ्यात शेवटी आणि दबक्या आवाजात निघते. आशाला पैसे कामागणिक मिळतात. नवजात बाळाच्या घरभेटींचा कार्यक्रम २०११ साली देशभर आला. त्याचं मूळ गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'च्या कामात आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी आणि त्याचे ठरावीक पैसे. आता या मुलीचं बाळंतपणाआधीचं काम पुण्याच्या आशाचं, दीड तासाची लढाई आणि ॲम्ब्युलन्समधली रात्र वेल्ह्याच्या आशाची, आणि घरभेटींची यादी भोरच्या आशाकडे. पैसे कुणाला? वेल्ह्याची आशा म्हणते, "मी पैशासाठी गेले नाही." ते खरंच आहे. पण म्हणून तिला न मिळणं बरोबर ठरत नाही.

वर्गात काय ठरतं

डॉक्टर बहुतेक वेळा कुटुंबाकडे बोट दाखवतात, आशा वरच्यांकडे, सिस्टर वाड्यांच्या संख्येकडे. "मुलीने माहेरी जाऊच नये" असा उपाय दर वर्गात एखादा तरी सुचवतो. तो मी लगेच बाजूला ठेवते. पुण्याच्या त्या खोलीत दिवसभर ती एकटी असते, नवऱ्याला दोन पाळ्या, पाणी टँकरचं. माहेरी तिला जेवण, विश्रांती आणि सोबत मिळते. ओल्या बाळंतिणीला यापेक्षा चांगली सेवा कुठलंही खातं देऊ शकत नाही. अडचण माहेराची नाही. तिला एका हातातून दुसऱ्या हातात कुणी दिलं नाही, ही आहे.

मग कामाच्या गोष्टी निघतात, आणि त्या स्वस्त असतात. दुसऱ्या भेटीतच विचारायचं: ओटी कधी भरणार, बाळंतपण कुठे, तिथल्या आशाचा फोन कुणाकडे आहे? उत्तर कार्डावर लिहायचं. कार्ड झेरॉक्ससाठी कुणालाही द्यायचं नाही, फोटो काढून द्यायचा. बीपीच्या पानाचा फोटो तिच्या स्वतःच्या फोनमध्ये हवाच. बीपी चढतं आहे अशी शंका असेल तर निघण्याआधी सिस्टरने सिस्टरला फोन करायचा, पोर्टलवर विसंबायचं नाही. माहेरवाशिणीची पहिली तपासणी पुढच्या सत्रापर्यंत थांबवायची नाही. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी केंद्रात न्यायची. आशाला बीपीचं मशीन द्यायचं की नाही यावर मात्र दरवेळी भांडण होतं. डॉक्टर म्हणतात चुकीचे आकडे येतील. आशा म्हणतात, ना आकडा आला ना तारीख, तेव्हा काय झालं ते बघितलंत की.

सुट्टीच्या वेळी "पत्ता काय?" या प्रश्नाऐवजी "पुढचे तीन महिने कुठे राहणार?" असं विचारायचं, यावर सगळे लगेच तयार होतात. फॉर्ममध्ये तो रकाना नाही, हेही लगेच कुणीतरी सांगतं. मग समासात लिहायचं.

शेवटचा सराव बाळाचा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-बीचा जन्मडोस रुग्णालयात झाला. सहाव्या आठवड्याच्या लसी पडतात माहेरी. दहाव्या आठवड्यात सासरच्यांना बाळ बघायचं आहे, म्हणजे भोर. चौदाव्या आठवड्याला ती पुण्याच्या खोलीवर परतलेली असेल. बाळ १९०० ग्रॅमचं जन्मलेलं, तेव्हा वजन प्रत्येक ठिकाणी व्हायला हवं, आणि आईचं बीपीही. गटांनी तक्ता भरायचा असतो: तारीख, ठिकाण, कोण बघणार. पहिले दोन रकाने दहा मिनिटांत भरतात. तिसऱ्यात बहुतेक गट "संबंधित आशा" असं लिहितात, आणि ते मी खोडायला लावते. नाव आणि फोन नंबर लिहा म्हटलं की चर्चा पुन्हा सुरू होते, आणि जेवणाची सुट्टी लांबते.